पर्वणीचा रस्ता आणि मंगळवारचा रस्ता



व्याख्यानमालेच्या निमंत्रणपत्रिकेत ‘फूटपाथ’ हा विषय छापलेला पाहून काहींना छपाईची चूक वाटली असेल. कालच्या वक्त्यांचा विषय संतसाहित्य होता, उद्याच्या वक्त्यांचा अर्थकारण आहे, आणि मध्येच हा फूटपाथ. मघाशी चहाच्या वेळी एका गृहस्थांनी मला विचारलंच, “अहो, फूटपाथवर तासभर काय बोलणार?” मी म्हटलं, “आपल्याकडे फूटपाथवर तासभर चालता येत नाही, म्हणून निदान बोलून घेतो.”

विनोद सोडा. तुमच्यापैकी किती जण आज चालत आलात? हात वर करू नका, मी मोजणार नाही. पण जे रिक्षाने आले, स्कूटरवर आले, गाडी लांब लावून आले, तेसुद्धा शेवटची शंभर-दोनशे पावलं चाललेच ना? माणूस विमानाने येवो की सिटी बसने, घराच्या उंबऱ्याशी तो पायीच पोचतो. त्यामुळे पादचारी नावाची कुणी वेगळी जमात नाही. आपण सगळेच पादचारी आहोत. काही जण थोडा वेळ, काही जण दिवसभर.

आणि आपलं नाशिक तर चालणाऱ्यांचंच शहर आहे. चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगीला जाणारे भाविक रात्रभर चालतात. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसांचा लोट उसळतो. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते आणि पायीच पंढरपूर गाठते. आणि बारा वर्षांनी येतो तो कुंभमेळा. पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या, दिवशी गोदाकाठची सगळी वाहनं हटतात. शहराच्या वेशीवर गाड्या थांबतात, रस्ते मोकळे होतात. मंत्र्यापासून मजुरापर्यंत सगळे पायांवर येतात.

माझा आजचा मुद्दा एका वाक्यात सांगतो, म्हणजे पुढे झोप लागली तरी हरकत नाही. पर्वणीच्या दिवशी आपण चालणाऱ्याला जो मान देतो, तो साध्या मंगळवारी का देत नाही? खांद्यावर झोळी घेतलेल्या यात्रेकरूसाठी रस्ता मोकळा होतो. मग हातात भाजीची पिशवी असलेल्या बाईसाठी तोच रस्ता का होत नाही?

या प्रश्नाचं उत्तर चार टप्प्यांत शोधू या. आधी एक आठवण, मग जागेचा हिशेब, मग बांधणी, आणि शेवटी माणसं.

पहिला टप्पा आठवणीचा. २७ ऑगस्ट २००३. कुंभमेळ्याची पर्वणी. काळाराम मंदिराजवळच्या सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. त्यांत बायका जास्त होत्या. ज्यांनी तो चौक पाहिला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. रस्ता अरुंद, त्याला उतार, दोन्ही बाजूंना घरं, आणि मागून येणाऱ्या गर्दीला पुढे काय चाललंय याचा पत्ता नाही. पुढे २०१५च्या कुंभात मिरवणुकीचा मार्ग बदलला, बंदोबस्त कडक झाला आणि मेळा सुखरूप पार पडला. उलट पहिल्या पर्वणीला बॅरिकेडं इतकी लावली की लोकांना मैलोन्‌मैल वळसे पडले, ओरड झाली, आणि पुढच्या पर्वणीला ती सैल करावी लागली.

सरदार चौकातल्या घटनेची आपण ‘गर्दीचं नियोजन’ या सदरात नोंद केली. बरोबरच आहे. पण ती जुन्या शहरातल्या एका रस्त्यावर, पायी चालणाऱ्या माणसांच्या जिवावर बेतलेली घटना होती, हेही खरं. एका दिवशी ३९ गेले, म्हणून देशभर बातमी झाली. जे एकेक करून जातात, त्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींची. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली, आणि त्यांत ३२,८२५ पादचारी होते. ही सरकारी आकडेवारी आहे. भागाकार करा. दररोज जवळजवळ ९०. म्हणजे दर दिवशी सरदार चौकासारख्या दोन घटना, आणि वर थोडी भर. कुठे चौकशी आयोग? कुठे बंदोबस्त? पर्वणीच्या मरणाला आयोग, आणि मंगळवारच्या मरणाला पंचनामा!

आता दुसरा टप्पा, जागेचा. फूटपाथचं नाव काढलं की पहिलं उत्तर तयार असतं: “गावठाणात जागाच कुठे आहे हो?” या वाक्याशी जरा भांडू या.

इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवते. तिच्या म्हणण्यानुसार फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर, म्हणजे सहा फुटांच्या आसपास, मोकळी जागा हवी. मोकळी म्हणजे मोकळी; त्यात खांब नाही, विजेची डीपी नाही, झाडाचं आळं नाही. बाजारपेठेत याहून जास्त. दोन माणसं समोरासमोर आली तर कुणालाही खाली उतरावं लागू नये, एवढाच त्यामागचा विचार. आता रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका चारचाकीची रुंदी किती? आरसे धरून दोन मीटरच्या घरात. म्हणजे ज्या रस्त्यावर गाड्यांची एक रांग उभी राहू शकते, त्या रस्त्यावर एक फूटपाथ मावतो. जागा होती. आपण ती कुणाला दिली, एवढाच प्रश्न आहे. आणि दिली तीही बहुतेक वेळा फुकट. त्याच बाजारात सहा फूट रुंद गाळा भाड्याने घ्यायला जा, म्हणजे त्या जागेचं मोल कळेल.

मात्र खरोखरच अरुंद गल्ल्या आहेत. हुंडीवाला लेन, कानडे मारुती लेन, तीळभांडेश्वर लेन, दहीपुलाचा परिसर. तिथे सहा फुटांचा फूटपाथ काढा म्हणणारा माणूस एकदाही तिथून गेलेला नसणार. अशा गल्लीत फूटपाथ बांधूच नये. तिथे दोन फुटांची एक निरुपयोगी पायरी बांधली, की चालणारा त्या पायरीवर मावत नाही आणि खालच्या रस्त्यावर त्याचा हक्क राहत नाही. तिथे अख्खी गल्लीच एका पातळीवर फरसबंद करावी, आणि वाहन आलंच तर माणसाच्या चालीने यावं.

ही कल्पना परदेशातून आणायची गरज नाही. आपल्याकडे रहाडी आहेत. शनी चौक, तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा इथल्या पेशवेकालीन रहाडी वर्षभर रस्त्याखाली बुजलेल्या असतात. त्यांच्यावरून रिक्षा जातात, हातगाड्या जातात, शाळेची मुलं जातात. रंगपंचमी जवळ आली की रस्ता उकरतात, झाकण काढतात, खालचा चौकोनी हौद उघडा होतो, त्यात रंग तयार होतो, आणि आख्खी आळी त्यात उड्या मारते. त्या दिवशी कुणी म्हणतं का, “ट्रॅफिकचं काय?” रस्ता ही फक्त वाहनं वाहून नेणारी नळी नाही, ती आळीची जागा आहे, हे जुन्या नाशिकला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वर्षातून एक दिवस आपण ते अजून पाळतो.

याच टप्प्यात वेगाचंही बोलून घेतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण शाळेत शिकलो आणि गाडीला किक मारताना विसरलो. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारी गाडी आणि ताशी ५० ने येणारी गाडी यांच्या वेगात फरक वीसचा, पण धडकेत जवळजवळ पावणेतीन पटींचा. पहिल्या धडकेत माणूस बहुधा हाड मोडून घेतो, दुसरीत जिवावर बेतते. जुन्या शहरात ताशी तीसच्या वर जाऊन आपण वाचवतो किती? पुढचा सिग्नल लाल असतोच. म्हणजे आपण घाई करून फक्त आधी जाऊन थांबतो!

तिसरा टप्पा बांधणीचा. इथे जरा बारकाईने पाहू या, कारण फूटपाथ बारकाव्यात मरतो.

एक साठी-पासष्टीच्या बाई डोळ्यांपुढे आणा. गुडघे दुखतात. उजव्या हातात पिशवी. फूटपाथ रस्त्यापासून फूटभर उंच. दर पावसाळ्याआधी रस्त्यावर डांबराचा नवा थर, मग पाणी आत येतं म्हणून फूटपाथवर पेव्हर ब्लॉकचा नवा थर, अशी चढाओढ करत दोघे वर चढत गेलेले. बाई पिशवी डाव्या हातात घेतात, उजवा हात विजेच्या खांबाला धरतात, पाय तिरका टाकून वर चढतात. दहा पावलं जातात. दुकानदाराने गाडी चढवायला सिमेंटचा उतार केलाय, तो उतरतात. पुन्हा चढतात. चेंबरचं झाकण दोन बोटं वर आलेलं, त्याला वळसा घालतात. पुढे डीपी. डीपी आणि भिंत यांच्यात वीतभर फट. आता खाली उतरण्यावाचून इलाज नाही. खाली स्कूटर्सची रांग, तिच्यापलीकडून बाई चालायला लागतात, आणि मागून रिक्षावाला ओरडतो, “आजी, फूटपाथवरून चाला ना!”

काय चुकलं आजींचं? मानक सांगतं, कर्बची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे वीतभराहूनही कमी. मानक सांगतं, प्रत्येक कोपऱ्यावर उतार हवा, म्हणजे व्हीलचेअर जाईल, बाबागाडी जाईल, आणि आजींचे गुडघेही जातील. चालणारा अडतो तो फूटपाथच्या सर्वांत वाईट दहा फुटांवर. बाकीचा किलोमीटर कितीही गुळगुळीत असला, तरी त्या दहा फुटांमुळे तो एकदा खाली उतरला की पुन्हा वर चढत नाही. आणि मग आपण म्हणतो, लोकांना शिस्त नाही, फूटपाथ असून वापरत नाहीत!

द्वारका चौकात महामार्ग ओलांडायला भुयारी मार्ग बांधला. लोक त्यातून गेले का? नाही. जीव मुठीत धरून वरूनच पळत राहिले. मुंबईत २००८ नंतर ठिकठिकाणी स्कायवॉक उभे राहिले. त्यांतले कित्येक ओस पडले. का? कारण चालणारा माणूस स्वतःच्या इंधनावर चालतो. त्याला तीस पायऱ्या उतरा, अंधारातून जा आणि तीस पायऱ्या चढा असं सांगणं, म्हणजे गाडीला थांबायला लागू नये म्हणून माणसाला कामाला लावणं. जमिनीवरून, झेब्रा पट्ट्यांवरून, सिग्नल मिळवून रस्ता ओलांडता आला पाहिजे. आणि सिग्नल पुरेसा हवा. म्हातारं माणूस सेकंदाला जेमतेम मीटरभर चालतं. पंधरा मीटर रुंद रस्ता ओलांडायला त्याला पंधरा सेकंद लागणारच. मेहेर सिग्नलला, सांगली बँक सिग्नलला उभे राहा आणि स्वतःच्या आईला डोळ्यांपुढे आणून मोजा.

“अहो, पण स्मार्ट रोड झालाय की!” झालाय. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ, १.१ किलोमीटर. सीबीएस, जिल्हा न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय, सगळं त्या रस्त्यावर. २०१८ साली काम सुरू झालं, मुदतीमागून मुदती वाढल्या, दुकानदार, वकील, शाळांचे पालक सगळे वैतागले. त्या वैतागाचं आता काय करायचं? माझं म्हणणं असं की कल्पना चांगली होती. रुंद फूटपाथ, सायकलींना जागा, आणि तारा-नळ्यांसाठी जमिनीखाली वाहिन्या, म्हणजे दर वेळी खोदकाम नको. या तिन्ही गोष्टी बरोबर आहेत. पण एका किलोमीटरच्या नमुन्याने शहर चालतं होत नाही. चालणारा त्र्यंबक नाक्यावर जन्मत नाही आणि अशोक स्तंभापाशी अंतर्धान पावत नाही. त्याला पुढे रविवार कारंजावर जायचं असतं. नमुना दाखवला, आता तो माल कुठे आहे?

चौथा टप्पा माणसांचा, आणि तो सर्वांत अवघड. दगड-सिमेंट ऐकतं, माणसं वाद घालतात.

पहिला वाद फेरीवाल्यांशी. फूटपाथ म्हटलं की आपला राग थेट पथारीवाल्यावर निघतो. गाडी येते, टोपल्या उचलते, दोन दिवस मोकळं, तिसऱ्या दिवशी सगळे परत. गंमत पाहा, त्या टोपलीतली कोथिंबीर विकत घेणारे आपणच असतो. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. सर्वेक्षण करा, समिती नेमा, विक्रीच्या जागा आखून द्या, असं तो सांगतो. आखलेल्या जागेत, आखलेल्या मापात विक्रेता बसला, तर तो चालणाऱ्याला अडचण नसतो; उलट संध्याकाळी आठनंतर रस्त्यावर दिवा आणि माणूस असतो, बाईला त्या रस्त्याने जाताना भीती वाटत नाही. हटवायचा तो अव्यवस्थितपणा, माणूस नव्हे. आणि हटवण्याचा क्रम ठरवायचाच असेल, तर पोट भरायला बसलेल्या टोपलीच्या आधी फुकट उभी असलेली गाडी हटवा.

दुसरा वाद दुकानदारांशी. ते म्हणतात, “गाड्या बंद केल्या तर गिऱ्हाईक येणार नाही.” मी त्यांना हात जोडून विचारतो, शेठ, तुमचा सर्वांत जास्त गल्ला कोणत्या आठवड्यात होतो? दिवाळीच्या. आणि दिवाळीत मेन रोडवर काय असतं? पोलीस दर वर्षी अधिसूचना काढतात, रविवार कारंजा, धुमाळ पॉइंट, सांगली बँक सिग्नल या भागात वाहनं अडवतात. म्हणजे ज्या दिवसांत मेन रोडवर गाडी शिरत नाही, त्याच दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते! हा प्रयोग दर वर्षी होतो, तुमच्याच दुकानासमोर होतो, आणि दर वर्षी यशस्वी होतो. पुण्याने २०१६ साली पादचारी धोरण केलं, आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडचा एक भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. चेन्नईत २०१९ साली पाँडी बझार हा जुना खरेदीचा रस्ता रुंद फूटपाथांसह नव्याने बांधला. तीही शहरं आपल्याइतकीच गजबजलेली, आपल्याइतकीच भांडकुदळ. त्यांना जमतं.

तिसरा वाद यंत्रणेशी. चेंबर एकाचं, डीपी दुसऱ्याची, केबल तिसऱ्याची, सिग्नल चौथ्याचा आणि फ्लेक्स भाऊ-दादांचा! फूटपाथ मात्र कुणाचाच नाही. इथे आता कायद्याचं बळ आलं आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या पीठाने स्पष्ट सांगितलं की अडथळ्यांविना फूटपाथ वापरायला मिळणं हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि तो फूटपाथ अपंगांनाही वापरता आला पाहिजे. जगण्याचा हक्क, बरं का! सुशोभीकरण नव्हे. उरलेल्या निधीतून करायची गोष्ट नव्हे.

आता सारांश. जागा आहे, ती उभ्या गाड्यांना दिलेली आहे. जिथे जागा नाही, तिथे अख्खी गल्ली एका पातळीवर आणा आणि वेग मारा. फूटपाथ बांधायचा तर सलग, बुटका आणि उतारांसह बांधा. चालणाऱ्याला भुयारात किंवा आकाशात पाठवू नका. विक्रेत्याला मापात बसवा. आणि या सगळ्याला एक मालक नेमा, म्हणजे तक्रार कुणाकडे करायची ते कळेल.

हे सगळं कुठून सुरू करायचं? मी एकच रस्ता मागतो. सीबीएसला बसमधून उतरलेला माणूस रामकुंडावर ज्या वाटेने चालत जातो ती वाट: शालिमार, मेन रोड, रविवार कारंजा, होळकर पूल, रामकुंड. दोन-अडीच किलोमीटरचं अंतर. २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नानं आहेत. कुंभासाठी पैसा येतो, रस्ते होतात, पूल होतात, घाट होतात. त्यातला बराचसा खर्च बाहेरून येणाऱ्या वाहनांना शहराच्या तोंडाशी आणण्यासाठी असतो. वाहनातून उतरल्यावर पुढे काय? पुढे पायच. मग ही पायवाट पर्वणीपुरती बॅरिकेडं लावून उभी करू नका. कायमची बांधा. मंगळवारसाठी बांधली, तर पर्वणीला ती आपोआप उपयोगी पडेल. पर्वणीसाठी बांधली, तर मंगळवारी तिचे बांबू गोदामात असतील.

आणि या कामाची कसोटीही एकच ठेवा. काम पूर्ण झालं असं कंत्राटदार म्हणाला, की त्या प्रभागातल्या एक आजी, काठी घेऊन चालणारा एक अंध माणूस आणि एक व्हीलचेअर, असे तिघे सीबीएसहून निघतील. रामकुंडापर्यंत त्यांना एकदाही वाहनांच्या रस्त्यात उतरावं लागलं नाही, तर शेवटचं बिल द्यायचं. उतरावं लागलं, तर जिथे उतरावं लागलं तिथे खडूने फुली मारायची, ती दुरुस्त करायची आणि मगच बिल. निविदेत हे कलम घालायला पैसे लागत नाहीत, आयुक्तांची सही लागते. ती सही मागायला आपण पुढच्या आठवड्यात एकत्र जाऊ. दाराशी कार्यकर्ते वही घेऊन उभे आहेत. ज्यांना यायचं आहे त्यांनी जाताना नाव लिहा, आणि नावापुढे हेही लिहा की तुमच्या घरापासून बसथांब्यापर्यंत फूटपाथ नेमका कुठे तुटतो. निवेदनाला तीच यादी जोडू.